रिलीव्हर आल्याशिवाय

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
चहा नाही. सिंधू स्मृति नगरला सत्संगाला गेली. तीन आठवडे हेच चाललंय. रिटायर माणसाला घरात किंमत नाही. फ्रिजवर तिच्या बाबाजींचा फोटो आहे, आज चष्मा लावून नीट पाहिला.
धोंडबा!
प्लांटमध्ये माझ्याच शिफ्टला होता. मी फोरमन. माझा एकच नियम: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. धोंडबा जागा सोडत नसे, जागेवरच झोपत असे. लेखी मेमो दिला होता मी. कॉपी आहे कपाटात. भर सत्संगात त्याचं पितळ उघडं पाडणार. नाक घासायला लावीन.

४ मार्च
सिंधूला मेमो दाखवला. म्हणाली, ते झोपत नव्हते जी, ध्यान करून राहिले होते, तुमालेच समजलं नाही.
संतापानं भूकच गेली. दोन प्लेट पोहे कसेबसे खाल्ले.

९ मार्च, रविवार
मेमो खिशात घालून गेलो. दोनशे माणसं. धोंडबा भगव्यात, चांगला सुटलाय. म्हणाला, जीवन म्हणजे ड्यूटी, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडू नका.
माझं वाक्य! आयत्या बिळावर नागोबा! तीस वर्षं ओरडलो, शिफ्टमध्ये एकानं ऐकलं नाही. इथे लोक वहीत उतरवून घेत होते. एक बाई तर रडल्या.
ताडकन उठलो, मेमो काढला. तेवढ्यात धोंडबा स्टेजवरून उतरून पायाच पडला. माइकवर म्हणाला, हे आमचे मारोतराव साहेब, यायच्याच मेमोनं मले जागं केलं. मग सगळेच पाया पडायला लागले. रांग लागली. अशा वेळी पितळ उघडं पाडणं बरं दिसत नाही.

१० मार्च
नीट विचार केला. आत शिरून पुरावे गोळा करायचे. चप्पल स्टँडची सेवा मागून घेतली. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस नजरेखाली राहतो. धोंडबाला कल्पनाच नाही, मूर्ख.

१५ मार्च
स्टँडला काही शिस्तच नव्हती. टोकनं सुरू केली. एका सेवकाला उशिरा आल्याबद्दल लेखी मेमो दिला. त्यानं तो कपाळाला लावला. प्लांटमध्ये असं कधी झालं नाही.

१९ मार्च
धोंडबानं जुना मेमो मागितला. दिला. पुरावा त्याच्याच भिंतीवर असलेला बरा. फ्रेम करून हार घातलाय. माझी सही दारातूनही वाचता येते, मी पाहिलं. प्रवचनासाठी माझी आणखी वाक्यं हवीत म्हणाला. अकरा दिली. सापळा आहे.

२९ मार्च
सिंधूनं सत्संग सोडला! फ्रिजवरचा फोटोही काढला. म्हणाली, बत्तीस वर्षं घरी हेच ऐकलं जी, आता तिथं जाऊन कावून ऐकू?
सूड पुरा झाला! उद्या धोंडबाला तोंडावर सुनावतो, टोकनं त्याच्या अंगावर फेकतो आणि घरी येतो.

३० मार्च, पाडवा. दुपारी १.४०. चप्पल स्टँड
सिंधूचा तिसरा फोन. गुढी एकटीनं उभारली, पुरणपोळ्या थंड होऊन राहिल्या, येता का नाही, म्हणाली. मी म्हटलं, रिलीव्हर आलेला नाही. तिनं फोन ठेवला.
आत धोंडबा घोरतोय. एक माणूस मोठ्यानं चप्पल मागत होता. त्याला दटावलं, हळू बोला, बाबाजी ध्यानात आहेत.