हात चुकला की पाठ चुकला

अप्पा,

माझा विमान चालवायचा परवाना परत चालू झाला. निकाल आधीच सांगून टाकते, कारण तो कळल्याशिवाय तुमच्या घशाखाली चहा उतरत नसे. आईच्या आजारपणात मी नोकरी सोडली, आणि ती काठी टेकत घरभर हिंडून मला कामं सांगायला लागली तोवर विमानं फक्त गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसायची. मग इथल्याच एका उड्डाणशाळेने शिकवायला बोलावलं, पण परवाना चालू असेल तरच. आणि आमच्या धंद्याचा नियम तुमच्या संथेसारखाच आहे: खंड पडला की जुनी पुण्याई चालत नाही. आधी डॉक्टरांपुढे डोळे, कान, हृदय शाबूत असल्याचं सिद्ध करायचं, मग परीक्षकाला शेजारी बसवून उडून दाखवायचं. त्याने होकार दिला तर आपण वैमानिक, नाही तर परवान्याला छान फ्रेम लावावी आणि कपडे वाळत घालावेत.

तुमची वेदांची संथा आठवते. बाहेरच्या खोलीत मुलं ओळीने बसली आहेत, समोर पाटावर तुम्ही, आणि स्वराबरोबर सगळ्यांचे हात वर-खाली होत आहेत. शेवटी मी. ‘मुलीला कशाला?’ असं कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, ‘जागा आहे म्हणून.’ तोंड घोकून तयार होतं, हाताला समजावं लागतं, हा तुमचा सिद्धांत. हात चुकला की पाठ चुकला, मग उच्चार कितीही शुद्ध असोत. टायफॉइडमधून उठलात तेव्हाचा दिवस तर मी विसरणंच शक्य नाही. पाटावरून उतरून तुम्ही आपल्याच थोरल्या विद्यार्थ्यापुढे मांडी घातलीत आणि पहिल्यापासून म्हणायला लागलात. मध्येच तुमचा हात चुकला. तो बिचारा फरशीकडे बघत राहिला. जरा वेळाने तुम्ही कडाडलात, ‘अरे गाढवा, थांबव की मला! माझं चुकलेलं ऐकून घेतोस? दोघंही बुडू!’ आतून आई म्हणाली, ‘आधी पेज प्या, मग बुडा.’

माझ्या नशिबी आलेला परीक्षकही माझाच विद्यार्थी. इथल्या भंवरकुआं भागातल्या हॉस्टेलात राहायचा तेव्हा त्याला विमान उतरवायला मी शिकवलं होतं. आता खांद्यावर पट्ट्या आणि कमरेच्या पट्ट्यावर बऱ्यापैकी पोट. निघतानाच म्हणाला, ‘मैडमजी, आप तो बस आराम से उड़ा दीजिए, फॉर्मैलिटी है.’ शहर मागे पडलं, खाली सोयाबीनची शेतं लागली, आणि त्याने इंजिनची शक्ती काढून घेतली. म्हणजे इंजिन बंद पडलं असं धरून चालायचं: विमान तरंगत ठेवायचं, उतरायला शेत निवडायचं आणि इंजिन का बंद पडलं ते शोधताना एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत तिला हात लावायचा. मी शेत निवडलं. सगळं म्हटलंही, असं स्वच्छ की तुम्ही मान डोलावली असती. फक्त ‘इंधनाची टाकी’ म्हणताना खाली दोन सीटांच्या मधल्या खटक्याकडे हात गेलाच नाही. मांडीवरच राहिला, एखाद्या पाहुण्यासारखा. खरंच इंजिन बंद पडलं असतं तर माझ्या शुद्ध उच्चारांसकट आम्ही सोयाबीनमध्ये. त्याने ते पाहिलं. त्याने पाहिलेलं मी पाहिलं. आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

‘क्यों भिया, फ्यूल पे हाथ गया मेरा?’

‘...नहीं गया, मैडमजी.’

‘तो फिर?’

‘तो फिर... आज पास नहीं कर सकता.’ असं म्हणाला की जणू नापास तोच झाला.

मग घरात संथा सुरू झाली. वेताच्या खुर्चीत आई. तिच्यासमोर जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर मी, आणि खुर्चीशेजारी जमिनीवर पितळी वाटी, ती म्हणजे इंधनाचा खटका. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेला तुमचा सूर आईने असा काही पकडला की मी दचकून वर बघितलं. ‘वाटीला हात लागला नाही. पहिल्यापासून!’ भाजी करपली तरी पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला विमानात तोंडाआधी हातच पोहोचला. खाली उतरल्यावर त्याने सही केली आणि मला पोहे-जिलबी खायला नेलं. म्हणाला, ‘मैडमजी, उस दिन आप नहीं पूछतीं तो मैं शायद साइन कर देता.’ मी त्याला गाढव म्हणाले. तुमच्यातर्फे.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुमच्या फोटोमागे ठेवावं तर आई धूळ पुसताना वाचेल आणि करपलेली भाजी तुम्हाला का कळवली म्हणून माझी हजेरी घेईल. तेव्हा तुम्हाला एकट्यालाच सांगते. तो खिडकीबाहेर बघायला लागला ना, तेव्हा मी लगेच नाही विचारलं. बरं वाटलं होतं मला. सुटले, असं वाटलं. सोयाबीनचं एक अख्खं शेत मागे जाईपर्यंत मी गप्प होते. आणि आता टायफॉइडनंतरचा तुमचा तो दिवस आठवला की वाटतं, अप्पा, ‘थांबव’ म्हणायला तुम्हीसुद्धा जरा वेळच लावला होतात.