गोलाची माया

इंदूर

ती. आईस,

सुप्रियाचा नमस्कार.

"कापताना माया ठेव गं, मागून जोड देता येत नाय," असं तू मला पहिलं झबलं बेतताना म्हणाली होतीस. शिवणीपुरतं जास्तीचं कापड, एवढंच मला कळलं होतं.

इथे सगळं ठीक आहे. तुझ्या नातीला, समीक्षाला, सातवा महिना लागलाय. तिच्या बाळासाठी नव्या तऱ्हेची गोधडी शिकतेय. चौकोनात गोल खिडकी कापायची आणि तिच्यात दुसरा गोल शिवून बसवायचा. मी माया ठेवायची म्हणून खिडकीही मोठी कापली, तर गोल पुरेचना. शिकवणाऱ्या बाई हसल्या. "अहो, खिडकीची माया आतल्या बाजूला असते. म्हणून खिडकी लहानच कापायची." जास्त ठेवायचं म्हणून कमी कापायचं, हे अजून डोक्यात शिरत नाही.

चौकोन अण्णांच्या सदऱ्याचे होते, ते गेल्यावर तू मला दिलेल्या सदऱ्याचे. सगळे वाया गेले. फोनवर सांगवेना.

गुडघा कसा आहे? कशेळ्याच्या बाजाराला एकटी जातेस की ललिता येते सोबत? जेवतेस ना वेळेवर?

खुंटीवरचा अण्णांचा दुसरा सदरा तू अजून धुऊन पुन्हा तिथेच अडकवतेस. तो पाठवशील का? नाही म्हणशील, माहीत आहे. तरी विचारते.

तुझी,
सुप्रिया