बुधवारची बाई

९ सप्टेंबर

लिफ्टमधल्या माणसाने आज पुन्हा विचारलं, "कशा आहात?" मी सांगायला तोंड उघडलं — गुडघा, झोप, ही कोरडी हवा — तोवर मजला आला आणि गेला निघून! उत्तर नको असेल तर विचारू नये. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलीने अशी लाइन मध्येच तोडली असती, तर तिथल्या तिथे उभी केली असती तिला.

मुलगा म्हणतो, "आई, रीत आहे ती इथली." उद्धटपणाला रीत म्हटलं की झालं!

एक माणूस असं भेटलेलं नाही की ज्याच्याशी दोन वाक्यं पुरी व्हावीत. मुलाला सांगून ठेवलंय — डिसेंबरचं परतीचं तिकीट आहे ते तसंच राहू दे. तिथे भारतात रिकाम्या घरात एकटी राहीन, पण निदान कामवाली येऊन भांडेल तरी. इथे दिवसभर मुलगा-सून दोघं कामावर. घरात मी आणि फ्रीजची घरघर.

१६ सप्टेंबर

सूनबाई 'आपल्या लोकांत' घेऊन गेली. दहाबारा बायका, सगळ्यांचे सोफे एकाच दुकानातले असावेत. एकीने दारातच विचारलं, मुलगा कुठे असतो, घर स्वतःचं की भाड्याचं? माझं नाव कुणी विचारलं नाही. आडनाव दोनदा विचारलं. मग ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यावर सगळ्या मिळून तुटून पडल्या. पुढच्या खेपेला माझा नंबर, हे कळायला ज्योतिषी नको.

सात समुद्र ओलांडून आल्या, पण नळावरची भांडणं सामानात बांधूनच!

१८ सप्टेंबर

जेवताना सूनबाई म्हणाली, "आई, इथल्या लायब्ररीत एक सोय आहे. एकटी पडलेली वयस्कर माणसं असतात, त्यांना दर बुधवारी कुणीतरी भेटतं. नाव देऊ तुमचं?"

म्हटलं, "अवश्य दे. सेवा करण्यात मला कमीपणा नाही. कॉन्व्हेंटात दर शनिवारी आम्हाला वृद्धाश्रमात पाठवायच्या सिस्टर."

तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ताटात बघितलं. लाज वाटली असेल — ह्या वयात सासू समाजकार्याला निघाली आणि हे दोघं रविवारी दुपारपर्यंत लोळतात!

२० सप्टेंबर

गेले. तिथल्या संयोजिकेच्या छातीवर नावाची पाटी, टाचणीने वाकडी लावलेली. ही टाचणीबाई माझ्याशी एकेक शब्द सुटा करून, ओरडून बोलते. म्हटलं, "बहिरी नाही मी. आणि तुमच्यापेक्षा स्वच्छ इंग्रजी बोलते." हसली! ह्या लोकांचा अपमानसुद्धा करता येत नाही.

माझ्या गळ्यात जी पडली ती एक धिप्पाड बाई. लोकरीची टोपी, पुरुषी बूट. आयुष्यभर बस चालवली म्हणे. तोंडात गोटी ठेवल्यासारखं बोलते. बसल्या बसल्या मला विचारते, "जेवलीस का? झोप लागते का तुला?" हे खरं तर मी विचारायचं! पण बिचारीला पोच नाही, सोडून दिलं. ह्यांच्या भाषेत अहो-जाहो नाहीच, त्यामुळे डोक्यातल्या डोक्यात मीही तिला अगं-तुगंच करते. फिट्टंफाट.

२७ सप्टेंबर

ड्रायव्हरीण चहाचे पैसे देऊ लागली. मी सेवेला आलेली, पैसे मीच देणार! काउंटरवर एकमेकींचे हात धरून ओढाओढ. मागे रांग लागली. शेवटी तिनेच दिले — हात आहेत की फावडी!

वर चहा म्हणजे गरम पाण्याची केवळ बदनामी.

४ ऑक्टोबर

तिला बसची हौस, म्हणून बिचारीसाठी शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिला एरवी फिरवायला आहे कोण? सारा वेळ आताच्या ड्रायव्हरांच्या नावाने शिमगा. "बघ, बघ, कसा ब्रेक मारला! बटाटे भरलेत का मागे?" मला मात्र कुठे चढायचं, कुठे उतरायचं, कोणतं बटण दाबायचं ते तीनतीनदा सांगत होती. ऐकून घेतलं. एकटी माणसं अशीच असतात, कुणाला तरी शिकवायला लागतं त्यांना.

११ ऑक्टोबर

बदामसात शिकवली तिला. दोघींतच पत्ते वाटलेले, म्हणजे जे माझ्याकडे नाही ते तिच्याकडेच! तरी चौकटची छक्की दाबून बसली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणते, "नाही माझ्याकडे."

म्हटलं, "मग काय टेबलाने खाल्ली?"

"टेबलाला विचार."

इतकी निर्लज्ज बाई मी जन्मात पाहिली नाही. चार डाव खेळलो.

१२ ऑक्टोबर

गुरुवार. काही नाही.

२५ ऑक्टोबर

आज तिने "कशी आहेस?" विचारलं, तर मी मुद्दाम सगळं सांगितलं. गुडघा, झोप, हवा, सूनबाईचं भांडी लावायचं मशीन, माझ्यानंतर एक्स्चेंजची सुपरवायझर झाली ती गधडी — सगळं. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "किती कटकट करतेस गं तू! आता माझं ऐक." आणि तिचं सुरू झालं. बहीण वर्षापूर्वी गेली, तिच्या मांजराला हिचं तोंड आवडत नाही, डाव्या खांद्यात कळ येते. लायब्ररी बंद करायला माणूस आला तेव्हा उठलो.

तिच्यात सुधारणा आहे. माझ्यामुळेच.

२९ ऑक्टोबर

मुलाने तिकिटाचं विचारलं. म्हटलं, बघू. इतका खूश व्हायचं काही कारण नव्हतं त्याला.

३ नोव्हेंबर

सूनबाई स्वयंपाकघरात तिच्या आईशी फोनवर बोलत होती. पस्तीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडल्या, माझे कान म्हातारे झालेले नाहीत. "अगं, आता बरंय आईंचं. ती बाई भेटते ना त्यांना बुधवारी, लायब्ररीतली स्वयंसेविका. एकट्या पडल्या होत्या गं फार..."

दारात जाऊन उभी राहिले. फोन ठेवला तिने.

"म्हणजे एकटी पडलेली म्हातारी मी? आणि समाजसेवा तिची?"

"आई, तुम्ही 'सेवा' म्हणालात, मग खरं सांगायचा मला धीरच झाला नाही."

सेवा! जेवलीस का, झोप लागते का, हे बटण दाब, इथे उतर — सगळी ड्यूटी होती तिची. आणि मी तिला बिचारी म्हणत होते! वृद्धाश्रमातल्या त्या म्हाताऱ्या आम्हाला बघून तोंड का फिरवायच्या, ते आज कळलं.

मुलाला सांगितलं, तिकीट आहे तसंच राहू दे.

८ नोव्हेंबर

गेले नाही. डोकं दुखतंय असं कुणालाही सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी इमारतीच्या खालच्या दाराची घंटा वाजली. इंटरकॉमचा रिसीव्हर उचलला. तिचा आवाज — "मी आहे. पत्ते वाटायची पाळी तुझी होती." लाइन उचलून गप्प बसणाऱ्यांना जन्मभर मूर्ख म्हटलं, आज मीच बसले. मग म्हणाली, "बरं."

खिडकीतून टोपी लांब जाताना दिसली. हजेरी लावून गेली असेल.

१५ नोव्हेंबर

आजही नाही. घंटा वाजली नाही. बरं झालं.

सूनबाईने भांड्यांचं मशीन बंद ठेवून सगळी भांडी हाताने घासली. मला नको असली लाचलुचपत.

२१ नोव्हेंबर

टाचणीबाईकडे गेले, ठणकावून सांगायला — माझं नाव काढा, मला कुणाच्या दयेची गरज नाही. ती म्हणाली, "तुमचं नाव तर कधीच काढलं. दुसऱ्याच भेटीनंतर ती इथे येऊन म्हणाली, ही बाई एकटी-बिकटी काही नाही, नुसती खडूस आहे. मला दुसरं कुणीतरी द्या. सोमवारचे एक आजोबा दिले मी तिला."

"मग बुधवारी ती कशाला येत होती?"

"बुधवारचं मला काही माहीत नाही."

पत्ता दाबून बसली होती, लबाड! सरळ डोळ्यांत बघून! आणि खडूस म्हणते मला?

उद्या बुधवार. वाटायची पाळी माझी आहे.