चोचीवरची काळी गाठ

वुलर सरोवर, २ फेब्रुवारी

अब्बाजी, सलाम.

मी बरी आहे. निखाऱ्यांची कांगडी असते जवळ, खोकलाही गेला. अम्मीचे गुडघे कसे आहेत?

गेल्या आठवड्यात पक्षी मोजताना मला हंस दिसला, वर्षानुवर्षं इथे न आलेला. नारिंगी चोच, तिच्या मुळाशी काळी गाठ. मोजणीला सोबत असलेला इश्फाक हसला. म्हणाला, "कुणाचं तरी बदक सुटलं असेल." मग मी एकटीच तीन तास नावेत बसले. फोटो काढले, वहीत चोचीचं चित्र काढलं, वेळ लिहिली. मोजणीच्या साहेबांकडे द्यायला म्हणून सगळं इश्फाककडेच सोपवलं.

काल पेपरात फोटो आला. खाली नाव एकट्या इश्फाकचं.

विचारलं, तर म्हणतो, "नाव कुणाचं का असेना, मसरत, पक्षी नोंदला गेला ना? आपण काय परके आहोत?" वही मात्र त्याला सापडत नाही म्हणे.

मी साहेबांना लेखी कळवलंय. उत्तर नाही अजून.

तुम्ही त्याला मुलगा मानता, म्हणून लिहिलं. काळजी करू नका. ईदला तो नेहमीसारखा येईल. त्याला बसवा, जेवू घाला. फक्त त्याचा चहा घेऊन मला बाहेर पाठवू नका.

तुमची लेक,
मसरत