चिंचेनं पुसलेली अक्षरं

उस्ताद, आज मुरगूडहून बैलगाडीवर लादून एक मोटार माझ्या कारखान्यात आली. तिथल्या एका जैन व्यापाऱ्याच्या गोदामात ती कडब्याखाली कित्येक वर्षं पडून होती. नावाची पाटी गायब, गादीत उंदरांनी संसार थाटलेला. माझा मुलगा, आता चाळिशीचा, इंजिन फिरवायचं हँडल घेऊन सरळ पुढं निघाला आणि मी त्याच्यावर ओरडलो तो थेट तुमच्या आवाजात. "आधी वळख, मग हात लाव." तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, तरी तुमचा दरारा माझ्या गळ्यात तसाच बसलाय. माझं मलाच हसू आलं.

महाराजांच्या अमदानीत मला पागेतून मोटारखान्यात धाडलं, तेव्हा मी तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप असलेला कोचमन होतो. घोडा मला कळायचा. मोटारीचं हँडल मी लगामासारखं मुठीत गच्च धरलं, तर तुम्ही माझा अंगठा सोडवून बोटांच्या बाजूला नेऊन ठेवलात. इंजिन उलटं फिरलं की हँडल माघारी येतं, अंगठा आडवा असला तर तो मोडतोच, हे मग सांगितलंत. हँडल वर ओढायचं, अंगाचा भार टाकून खाली दाबायचं नाही. त्याआधी चाकाखाली लाकूड, गिअर मोकळा, आणि स्टेअरिंगजवळची ठिणगीची दांडी उशिराच्या बाजूला. ठिणगी लवकर पडली की इंजिन लाथ मारतं. पण उशिराची बाजू सगळ्या मोटारींत एकच नसायची, कुणाची वर तर कुणाची खाली. म्हणून नव्या इंजिनापुढं तुम्ही आधी उकिडवे बसायचात. चिंधीनं वंगण पुसून ओतकामातली अक्षरं बोटांनी चाचपायची, ठिणगीच्या तारा काढून ठेवायच्या, मग कान लावून हँडल हळूहळू फिरवायचं. सोयरीक करायला आलेला माणूस चौकशी करतो तशी तुमची चौकशी चालायची. एवढी ताकद हातात असताना एवढा सावध माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला तुमचा अभिमान वाटायचा आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

आणि मग ती खंडेनवमी. मी पूजेसाठी मिरवणुकीची मोटार घासायला घेतली. बग्गीचे दिवे घासायचो तसंच, चिंच आणि राख. दांडीखालच्या पितळी कमानीवर दोन टोकांना काळं काहीतरी होतं. मला इंग्रजी अक्षर ओळखू येत नव्हतं, मी तो मळ समजलो. घासघासून कमान आरशासारखी केली आणि स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्या दिवशी दसरा. मोटार बाहेर काढायची घाई, तुम्ही हँडलपाशी वाकलेले, मी दांडीपाशी. मी कमानीकडं पाहिलं. लवकर कुठलं आणि उशिरा कुठलं, काहीच उरलं नव्हतं.

"दांडीची बाजू वळकलीस न्हवं?" तुम्ही विचारलंत. माझ्यावर सोपवून असं तुम्ही पहिल्यांदाच विचारत होतात. मला नाही म्हणवेना. "व्हय, उस्ताद," म्हणालो आणि दुसऱ्या मोटारीची होती तशी दांडी वर सारली. इंजिननं लाथ मारली. हँडल तुमच्या तळव्यातून निसटून माघारी गेलं. अंगठा बाजूला होता म्हणून हाड वाचलं, पण तळवा भाकरीसारखा फुगला. कारभारी धावत आले. ज्याची चूक असेल त्यानं उद्यापासून यायचं नाही, असं ते माझ्याकडं बघूनच म्हणाले. माझी दोन्ही लेकरं माझ्या डोळ्यांपुढं आली.

"दांडी म्याच उलटी ठेवली," तुम्ही म्हणालात. "चूक माझी हाय."

तुमच्यासारख्या मिस्त्रीला घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण त्या दसऱ्याला मिरवणुकीची मोटार दुसऱ्यानं चालवली. तुम्ही वर्षभर ज्या दिवसाची वाट बघायचात तो दिवस मोटारखान्यात फुगलेला हात मांडीवर घेऊन काढलात. संध्याकाळी मला जवळ बोलावलंत. मी मार खायच्या तयारीनं आलो होतो.

"पितळ घासलंस, त्याचं काय न्हाय. ठावं नसताना व्हय म्हणालास, त्ये वंगाळ."

एवढंच. मग बॉनेट उघडून दांडीपासून ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोपर्यंत जाणारी सळई डाव्या हातानं दाखवलीत. अक्षरं पुसली तरी ही सळई खोटं बोलत नाही, म्हणालात. कमानीच्या मागच्या अंगाला उशिराच्या बाजूस कानशीनं खाच पाडायला लावलीत, आणि आता घास बाबा किती घासायचं ते, म्हणून हसलात. त्या हसण्यानं मी जास्त मेलो.

आज मुलाला ती सळई दाखवली. इंजिन जाम आहे, म्हणून प्लग काढून रॉकेल सोडलं, दोन दिवस मुरू दे म्हटलं. आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो तशी त्यालाही दसऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. पण आज त्यानं विचारलं, एवढे जाणते उस्ताद, मग त्यांच्या हातून दांडी उलटी कशी पडली? घाई होती, मी म्हणालो.

हा कागद हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवणार आहे, तो वाचायला तुम्ही नाही. उस्ताद, ही गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी दांडी तुम्हीच उलटी ठेवलीत.