आईची लोणारची सहल

भाऊबीजेनंतरचा रविवार, संध्याकाळ. मंगरूळपीर.

या दिवाळीत आईला साडी घेतली नाही. एक दिवस तिला चुलीपासून सोडवायचं, लोणारचं सरोवर दाखवायचं, फक्त आम्ही दोघी, एवढीच भेट ठरवली होती. किती वर्षं म्हणते, एकदा पाह्यचं हाये.

पण भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "दोघीच कायले जाता? गाडीच करू. आत्याले घेऊ, माह्या सासरच्यायले घेऊ." मी हो म्हटलं. माणसं वाढली तर तोंड वाकडं करू नये, हे घरातच शिकलेली ना मी.

मग काय, आज आईनं उजाडायच्या आत तेरा माणसांच्या पुऱ्या तळल्या. पुऱ्या! सुट्टी तिची होती.

लोणारला सगळे काठाकडे पळाले. आई झाडाखाली डबे घेऊन बसली. मी म्हटलं, "आई, चाल ना."

"तुमी जा वं. माकडं पुऱ्या नेतीन."

आत्या हसली. "वहिनीले पाण्याचं काय कवतिक? घरी इहीर हाये ना."

परतताना गाडीत आईला विचारलं, सरोवर पाहिलं का. "पाह्यलं ना, दादाच्या मोबाइलात."

दादाचा राग येतोय, आत्याचा तर फारच. पण डबे धरून मी बसले असते तर? तू जा आई, माकडं मी हाकलते, एवढंच म्हणायचं होतं. ते मला आत्ता, हे लिहिताना सुचतंय.