चढत्या पाण्यातली ट्यूब

आषाढ, बुधवार, दिवेलागण

आज सकाळी गावदेवीला फूल वाहून तळ्यावर गेलो. पाणी बांधाला टेकलेलं. बोईसरहून रात्रपाळी करून आलेला माझा धाकटा भाऊ सुरेश ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून मधोमध जाळं सोडत होता. हात मोकळे राहावेत म्हणून जाळ्याची दोरी कमरेला बांधलेली. उन्हाळ्यात उघडी पडणारी खोडं आता तिथेच पाण्याखाली आहेत. जाळं त्यांत अडकलं, तर दोरी त्यालाच खाली ओढेल.

तो बाहेर आल्यावर म्हटलं, "अरे, पाणी चढलं का मासा काठाला गवतात येतो. मधे नाय जायचं. गळ टाकून बस."

"गळ म्हाताऱ्यांनी टाकायचा, दादा! गावदेवी हाय ना राखायला?" असं म्हणून हसला.

दिवसभर ती कमरेची दोरी डोळ्यांपुढून हलेना. देवीवर भार टाकून मी नुसतं काठावर उभं राहायचं? मग मोठा भाऊ कशाला? रागावेल, बोलणं टाकेल. टाकू दे.

मघाशी त्याच्या दारात गेलो आणि त्याच्या देखत कोयत्याने ट्यूब चिरली.